सात वारांच्या सात किल्ल्या

"एवढे लोक जमवलेत कसे?" आमच्या कॉलनीतली बाग बघायला येणारं कुणीही हे विचारतं. विचारणाऱ्याच्या घराजवळही अशीच एक उजाड बाग असते, हे मला आता चेहऱ्यावरूनच कळतं. तुम्ही विचारलंत म्हणून खरं सांगते, लोक जमवायला गेले तेव्हा माझी चांगलीच फजिती झाली होती.

पुण्यातली आमची जुनी प्लॉटांची कॉलनी. मधोमध अर्ध्या एकराची मोकळी जागा. मोडकी घसरगुंडी, कमरेइतकं गाजरगवत, कोपऱ्यात सुबाभळीचं रान आणि रात्री बसणाऱ्यांच्या बाटल्या. जानेवारीत तिकीट काढून एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन बघणारे आम्ही, इथून मात्र नाक दाबून जायचो. जाताना नावं ठेवायची ती पालिकेला. मग एकदा सोसायटीच्या कपाटातून लेआउटचा, म्हणजे कॉलनीच्या आखणीचा, नकाशा निघाला. ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या लेआउटमध्ये निदान १० टक्के जागा मोकळी सोडावी लागते, त्यातलीच ही. पालिकेच्या ताब्यात ती कधी दिलेलीच नव्हती. म्हणजे इतकी वर्षं आम्ही आमच्याच घाणीबद्दल दुसऱ्याला बोलत होतो.

आता काय, श्रमदान! पहिल्या रविवारी ३१ जण आले. पोहे झाले, फोटो झाले. दुसऱ्या रविवारी १४. चौथ्या रविवारी आम्ही चौघं, त्यातले एक माझे यजमान, म्हणजे ते धरायचेच नाहीत. ५ जूनला पर्यावरण दिन म्हणून ६० रोपं लावली, तीही दहा-दहा फुटांवर वड, पिंपळ, उंबर! त्या वर्षी पावसाने जून जवळजवळ कोरडाच काढला. दिवाळीला मोजली तर १९ उरली होती. ग्रुपवर अंगठे मात्र भरपूर आले.

बाग बदलली ती कुलपामुळे. बाटल्यांना कंटाळून फाटकाला कुलूप लावलं आणि किल्ली अध्यक्षांकडे ठेवली. आठवड्याभरात त्यांच्या दाराची बेल वाजून वाजून बिघडली. कुणाला फिरायला जायचंय, कुणाचा चेंडू आत गेलाय. काकू वैतागून म्हणाल्या, "अहो, किल्ल्या करून वाटून का टाकत नाही?" केल्या. सात वारांच्या सात किल्ल्या, प्रत्येकीला वेगळ्या रंगाची लोकर. ज्याचा वार, त्याने सकाळी फाटक उघडायचं, रोपांना पाणी द्यायचं, दिवेलागणीनंतर बंद करायचं. बास, एवढंच. 'श्रमदान' हा शब्दही काढून टाकला.

आणि माणसं बदलली हो! ज्या घरातून कधी कुणी आलं नव्हतं, त्या घरच्या आजी सोमवारी सकाळी पावणेसहाला फाटकाशी हजर. मंगळवारवाल्यांनी नळ चालू ठेवला म्हणून बुधवारवाले भांडायला आले. मला इतका आनंद झाला त्या भांडणाचा! स्वतःचं असल्याशिवाय कोण भांडतं?

शुक्रवारची किल्ली कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्या काकांना द्यायची ठरवली तेव्हा मीटिंगमध्ये कुजबुज झाली, ते इथले रहिवासी नाहीत म्हणून. दिवसाचे दहा तास फाटकासमोर उभा असतो तो माणूस, रहिवासी अजून काय असतो? पाचोळा जाळायचा थांबला तो त्यांच्यामुळेच. त्यांनी कोंबडीजाळी गोल वळवून तिचे पिंजरे केले, त्यात पानं दाबून भरली, वरून शेणकाला आणि आंबट ताक शिंपडलं. फेब्रुवारीत काठोकाठ भरलेला पिंजरा पावसाळ्यापर्यंत गुडघ्याइतका खाली बसला. एका सकाळी काकांनी तळाशी हात घालून मूठभर काळंभोर खत माझ्यापुढे धरलं. "वास घ्या ताई." पहिल्या पावसाचा वास होता.

सुबाभळी मात्र अजून पुरत्या गेल्या नाहीत. झाड कसलंही असो, तोडायला १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घ्यावी लागते. म्हणून मोठ्यांसाठी रीतसर अर्ज करतो आणि बारकी रोपं कोवळी असतानाच उपटतो. दाटीतले वड-पिंपळही हलवावे लागले. त्या जागी बहावा आणि कांचन लावले, ते मात्र जुलैत, जमीन चांगली भिजल्यावर.

गुलमोहराची एक वाळकी फांदी उतरवायचीच, असं गुरुवारच्या आजोबांनी ठरवलं होतं. शिडी लावली, तर फांदीच्या खालच्या बाजूला छोटंसं गोल भोक, आणि त्यातून लाल कपाळाचा तांबट डोकावतोय. हा पक्षी वाळक्या लाकडातच ढोली कोरतो. आजोबा शिडीवरून खाली उतरले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "यालाही एक किल्ली द्या."

यंदा मंगळवारवाल्यांची इमारत पुनर्विकासाला गेली. ते तीन वर्षांसाठी भाड्याने लांब राहायला गेले, जाताना किल्ली द्यायची राहिली. मी फोन करून मागितली. वहिनी पलीकडून थोडा वेळ काही बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "दुसरी करून घ्या ना." करून घेतली. मंगळवारी सकाळी बघते तर त्या आधीच आत, पाइप हातात, बहाव्याच्या आळ्यात पाणी सोडतायत. रिक्षा फाटकाबाहेर थांबलेली.