कुटारात भेटलेली कात

आज सेकंड इयरच्या प्रॅक्टिकलला वेगळाच विषय होता, पण एक मुलगी पन्नीत सापाची कात घेऊन आली आणि पूर्ण तास त्यातच गेला. "सर, कुटाराच्या खोलीत भेटली, घरचे म्हणतात कवड्या आहे, बिनविषारी." (कुटार म्हणजे जनावरांसाठी साठवलेला भुसा.) कात वाळलेली होती, फाटू नये म्हणून ट्रेमध्ये पाणी घेऊन भिजवली, पेपरवर पसरवली आणि मुलांनाच मोजायला लावलं. लांबीवर जाऊ नका म्हटलं, कात ताणली जाते, सापापेक्षा लांबच भरते, खवले बघा. मधल्या भागात खवल्यांच्या ओळी निघाल्या १५, कवड्याला १७ असतात. पाठीच्या मधोमधची रांग बाकीच्यांपेक्षा मोठी, षटकोनी. शेपटीखालचे खवले अखंड, कवड्याचे दुभागलेले असतात. म्हणजे मण्यार, विषारी.

"आजी तर खालीच झोपते न सर."

मग पुढचं सगळं तेच बोललो. मण्यार रात्री फिरते, दात बारीक, झोपेत चावली तर ना फार दुखत ना सूज येत, पहाटे पोट दुखायला लागतं, पापण्या मिटायला लागतात आणि घरचे समजतात काही बाधलं, त्यात वेळ जातो आणि श्वास बंद पडायची वेळ येते. आजीला खाटेवर झोपव, मच्छरदाणी गादीखाली खोच, आणि असं काही झालंच तर दुसरीकडे कुठे न जाता सरळ दवाखाना, नाग, मण्यार, घोणस, फुरसे चौघांवरही एकच लस चालते.

साप पकडायची हौस पोरांना खूप आहे, पण तो राहतो कुठे, खातो काय, हे बघायला कोणी थांबत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. कुटारात उंदीर, भिंतीच्या भेगांत पाली, मण्यार तर दुसरे सापही खाते, तिला तिथे सगळंच मिळतं. तसाच वावराचा धुरा, म्हणजे शेताचा बांध. मे महिन्यात ४५ डिग्रीत सरड्याला, धामणीला, घोरपडीला शरीर आतून थंड ठेवता येत नाही, सकाळी दगडावर तापायचं आणि दुपारी बोराटीखाली नाहीतर बिळात शिरायचं, एवढाच उपाय. तो धुराच आपण तणनाशक मारून, जेसीबी लावून साफ करतो आहोत. माझं काम सध्या याच धुऱ्यांवर चाललंय, आणि त्यात ही पोरं हवीत.

सोमवारपासून प्रत्येकाने आपल्या गावातली कात आणायची, हाताने बिळात चाचपडायचं नाही, आणि सोबत चिठ्ठी, कुठे भेटली, कुटार, कोठा, धुरा की विहीर. चिठ्ठी पेन्सिलनेच लिहा म्हटलं, पेनची शाई ओलीत पसरते.