बाबांच्या ट्रकमधील जुना टेप

बाबांच्या जुन्या ट्रकमधील कॅसेट टेपला आज माझा एमपी-३ प्लेअर जोडला. टेपला ऑक्सची, म्हणजे बाहेरचे उपकरण वायरने थेट जोडण्याची, सोय नसल्यामुळे कॅसेटच्याच आकाराचा अडॅप्टर आत सरकवला. त्याच्या कडेचे इवलेसे हेड टेपच्या हेडला, म्हणजे एरवी फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागाला, चुंबकीय संकेत देते आणि फीत नसतानाही गाणे वाजते, याचे मला आजही अप्रूप वाटते. ट्रकची वीज २४ व्होल्टची आणि प्लेअरचा चार्जर १२ व्होल्टचा, म्हणून मध्ये व्होल्टेज कमी करणारा कन्व्हर्टर बसवला. तरीही इंजिन सुरू होताच स्पीकरमधून बारीक शिट्टी येऊ लागली, आणि ॲक्सिलरेटर दाबला की ती चढत जाई. चार्जरची वायर काढल्याबरोबर ती थांबली. प्लेअर त्याच्याच बॅटरीवर ठेवून अभंग लावला, तेव्हा बाबांनी काही न बोलता आवाजाचे बटण थोडे पुढे फिरवले.