गाते कोण, हे अंग सांगते

केसांच्या कडेशी चिकटवलेल्या बिनतारी माईकने संगीत नाटकातल्या नटाला सतत प्रेक्षकांकडे तोंड करून गाण्याच्या सक्तीतून सोडवले, हे खरे. पण त्याच माईकने एक अशी अडचण उभी केली, जी तालमीच्या खोलीत जाणवत नाही आणि पहिल्या तांत्रिक तालमीला एकदम अंगावर येते. आवाज नटाच्या दिशेने न येता स्पीकरमधून येतो, त्यामुळे रंगमंचावर दहा-बारा जण हालचालीत असताना नेमके गाते आहे कोण, हे प्रेक्षकाला डोळ्यांनी शोधावे लागते.

बाकीच्यांनी गाणाऱ्याकडे पाहावे, हा सोपा उपाय. पण त्याने समूहाचे पुतळे होतात. ओळ सुरू होण्यापूर्वीचा श्वास गाणाऱ्याच्या बरगड्यांत आणि पाठीत दिसला, तर नजर आपसूक तिकडे वळते.

आमची एक नटी वरच्या स्वराला दर वेळी उजवा हात उंचावत असे. हात खाली ठेवायला सांगितले की मूठ आवळली जाई आणि स्वरही. शेवटी अर्धी भरलेली बादली तिच्या हाती देऊन तीच ओळ गात रंगमंच ओलांडायला सांगितले. पाणी सांडू नये म्हणून तिचे गुडघे सैल झाले, श्वास खाली उतरला आणि स्वर मोकळा लागला. प्रयोगात बादली नव्हती, ती चाल मात्र राहिली.

१९४३ च्या ‘ओक्लाहोमा!’ या अमेरिकन संगीत नाटकातल्या स्वप्ननृत्यात नायक-नायिकेच्या जागी नर्तक येत. १९५७ च्या ‘वेस्ट साइड स्टोरी’ या तिथल्याच संगीत नाटकात दिग्दर्शक-नृत्यरचनाकार जेरोम रॉबिन्स यांनी अभिनय, गाणे आणि नृत्य यांचा भार बहुतांशी त्याच नटांवर टाकला. मला मात्र अजूनही १९७२ च्या ‘घाशीराम कोतवाल’मधली माणसांची भिंत अधिक धीट वाटते, कारण तिथे गाणारी रांगच पाठ फिरवून पडदा होते.

राहिला प्रश्न आमच्या नाटकातल्या गाण्यात येणाऱ्या उडीचा. उडीला पोट आवळते, म्हणून ती दोन ओळींमधल्या जागेतच बसवावी लागते. मी संगीतकाराकडे त्यासाठी दोन आवर्तने मागितली, त्याने एकच दिले. त्यात उडी मावते, पुढच्या ओळीचा श्वास मावत नाही. म्हणून सध्या ती उडी शेजारचा नट मारतो आणि नको त्या क्षणी सगळ्यांची नजर त्याच्याकडे जाते.