गुडघेवाल्याची चौकशी

"वॅन डाइकचा गुडघा, गोमेझचा गुडघा, मॅटिपचा घोटा, फॅबिन्योचा स्नायू. आणि हो, जोटाचाही गुडघाच." फोनवर मी एवढं बोललो आणि आतल्या खोलीतून आईचा आवाज आला, "अरे, कुणाच्या गाडीला अपघात झाला?"

"कुणाच्या नाही गं, लिव्हरपूल."

"हां, मग ठीक आहे," ती म्हणाली. पण तिला ते ठीक वाटलेलं नव्हतं. दोन महिन्यांपूर्वीच तिचा डावा गुडघा बदलला होता, आणि तेव्हापासून जगात ज्याचा ज्याचा गुडघा दुखेल तो तिच्या भावकीतला झाला होता. पाच मिनिटांनी वॉकर टेकत ती बाहेर आली. "तीन-तीन गुडघे? काय खेळतात की काय करतात?"

तो दिवस 20 फेब्रुवारी 2021, शनिवार. इंग्लंडच्या फुटबॉल लीगमध्ये, रात्री अकराला, लिव्हरपूलच्या अ‍ॅनफिल्ड मैदानावर लिव्हरपूल आणि एव्हर्टन. एकाच गावातले दोन संघ, तेव्हा दोन्ही मैदानांच्या मध्ये एक बाग होती. कोल्हापूरकराला हे समजावून सांगावं लागत नाही. फुटबॉलमध्ये एकमेकींना भिडणाऱ्या मंगळवार पेठ आणि शिवाजी पेठ डोळ्यांपुढे आणायच्या आणि शाहू स्टेडियमच्या जागी अ‍ॅनफिल्ड ठेवायचं, की झालं.

सामना अकराला असला तरी आमचा सामना संध्याकाळी सहालाच सुरू झालेला असतो. पुण्याचा चुलतभाऊ, दुबईचा एक मित्र आणि मी. आधी संघ लावायचा, मग मोडायचा, मग परत लावायचा. एरवी ही बेरीज असते. त्या वर्षी मात्र नुसती वजाबाकी चालली होती. हा नाही, तो नाही, तो आहे पण नव्वद मिनिटं पुरेल का सांगता येत नाही. दहावीला जीवशास्त्रात काठावर पास झालेला माझा चुलतभाऊ गुडघ्यातल्या लिगामेंटची नावं पाठ म्हणून दाखवत होता. हॅमस्ट्रिंगला, म्हणजे मांडीमागच्या स्नायूला, किती आठवडे, घोट्याला किती, हे आम्हाला रेल्वेच्या वेळापत्रकासारखं तोंडपाठ झालं होतं. आमच्यातल्या कुणी आयुष्यात कधी धावताना स्नायू दुखावून घेतलेला नाही, कारण धावायचाच प्रश्न आलेला नाही.

या सगळ्याची सुरुवातही एव्हर्टनपासूनच झाली होती. 17 ऑक्टोबर 2020, आपल्याकडे संध्याकाळचे पाच. मी चहाचा कप घेऊन बसलो, तो निम्मा व्हायच्या आत त्यांचा गोलकीपर पिकफोर्ड आमच्या बचावातल्या वॅन डाइकच्या पायात घुसला. उजव्या गुडघ्याचं लिगामेंट फाटलं. पिकफोर्डला साधं पिवळं कार्डही नाही. (हे मी अजूनही सांगतो, लग्नात सांगतो, बारशाला सांगतो.) नोव्हेंबरात गोमेझ इंग्लंडच्या सरावात पडला. जानेवारीच्या अखेरीस मॅटिपचा घोटा गेला. म्हणजे आदल्या मोसमात 99 गुण मिळवून लीग जिंकलेल्या संघाकडे, मागे मधोमध उभं राहायला सरावलेला माणूसच उरला नाही.

मॅटिपची एक गंमत सांगायला हवी. खेळत होता तेव्हा आम्ही त्याला 'काचेचं भांडं' म्हणायचो. आज आहे, उद्या नाही. उंच पाय टाकत तो चेंडू घेऊन पुढे निघाला की आमचा जीव खाली-वर. आता तो बाहेर बसल्यावर चुलतभाऊ म्हणत होता, "मॅटिप असता तर चेंडू मागून असा सुरेख काढला असता." दुबईवाला म्हणाला, "त्याच्यासारखा खेळ वाचणारा कुणी नाही रे." मीही हो म्हणालो. पट्टी बांधून पलंगावर पडलेला खेळाडू पास चुकवत नाही, डुलक्या घेत नाही, गोल खात नाही. सामन्याआधीच्या गप्पांत सगळ्यात भारी खेळतात ते हेच. त्या संध्याकाळी आमचा खरा संघ तर जबरदस्त होता. तो दवाखान्यात होता एवढंच.

मैदानावरचा संघ प्रशिक्षक क्लॉपने कसा उभा केला होता, ते मी आईला तिच्या भाषेत सांगितलं. "लग्नात आचारी आजारी पडला, म्हणून चांगल्या वाढप्याला चुलीपुढे बसवलं." मधल्या फळीतला फॅबिन्यो मागे आणला, तो दुखावला. मग कप्तान हेंडरसन मागे. आईने लगेच विचारलं, "आणि मग वाढणार कोण?" पाच महिन्यांत टीव्हीवरच्या एकाही पंडिताने लिव्हरपूलचं दुखणं इतक्या थोडक्यात सांगितलेलं मी ऐकलं नव्हतं. स्वयंपाक कसाबसा होत होता. पंगत उपाशी राहत होती. जानेवारीत बर्नलीने अ‍ॅनफिल्डवरची 68 लीग सामन्यांची अपराजित माळ तोडली. मग ब्रायटन जिंकून गेलं, मग मँचेस्टर सिटीने चार मारले.

आईला हे कळतं याचं नवल नाही. तिचं माहेर मंगळवार पेठेतलं आणि माझा मामा पेठेच्या संघात बॅक होता. मला त्या संध्याकाळी क्लॉपचा राग येत होता, तो पत्रकारांना धड सांगत नव्हता की कोण किती बरा आहे. आई म्हणाली, "सांगेल कशाला?" आणि मग मामाची गोष्ट. मोठ्या सामन्याच्या आदल्या दिवशी त्याचा घोटा टरारून सुजला होता. बातमी पेठेबाहेर जाऊ द्यायची नव्हती. तर हा गडी संध्याकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, समोरच्यांच्या चौकातून, पानपट्टीपाशी थांबत, अजिबात न लंगडता चक्कर मारून आला. घराचा उंबरा ओलांडला आणि भिंतीला धरून खाली बसला. आजीने रात्रभर मिठाच्या गरम पाण्यात पाय धरला. दुसऱ्या दिवशी तो खेळू शकला नाही तो नाहीच.

"मग उपयोग काय झाला?"

"रात्रभर त्यांची पोरं त्याचा विचार करत जागली की. आमच्याकडं तेवढंच लई झालं."

साडेदहाला तिसऱ्या एका मित्राचा निरोप आला. हा मँचेस्टर युनायटेडवाला. 'सर्व रुग्णांना लवकर आराम पडो,' आणि हात जोडलेलं चित्र. आम्ही उत्तर दिलं नाही. आमचा आधार एकच होता: एव्हर्टन अ‍ॅनफिल्डवर शेवटचं जिंकलं ते 1999 साली. एकवीस वर्षं जे झालं नाही ते आजच कशाला होईल, असं चुलतभाऊ तीनदा म्हणाला. तिसऱ्यांदा म्हणाला तेव्हाच मला शंका आली.

"मी पण बसतो बघायला," आई म्हणाली. (आमच्याकडच्या बायका 'बसतो'च म्हणतात.) पाय स्टुलावर, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी. ती दाबून धरायची, दहा मोजायचे, सोडायची. फिजिओने दिलेला व्यायाम. तिसऱ्या मिनिटाला एव्हर्टनच्या रिचार्लिसनने गोल मारला तेव्हा ती सातवर होती. तिने दहा पुरे केले. अर्ध्या तासाच्या सुमाराला हेंडरसन जांघ धरून थांबला आणि बाहेर गेला. वाढपी-कम-आचारीही गेला. त्याच्या जागी नॅट फिलिप्स आला. उरले तो आणि ओझान कबाक, जर्मनीहून येऊन तीन आठवडेही न झालेला वीस वर्षांचा पोरगा. प्रेक्षक नव्हते. करोनामुळे रिकाम्या खुर्च्या, आणि टीव्हीवाल्यांनी वरून सोडलेला खोटा आरडाओरडा. शेवटी पेनल्टीवर दुसरा गोल. 0-2. फोन वाजला नाही, मीही केला नाही. आई म्हणाली, "तो नवा उंच पोरगा बरा आहे. डोकं घालतो."

तो उंच पोरगा म्हणजे फिलिप्स. त्याने पुढे खरंच डोकं घातलं. मे महिन्यात बर्नलीच्या मैदानावर हेडरने गोलही केला, आणि रडतखडत का होईना, लिव्हरपूल 69 गुणांवर तिसरं आलं. पण आईची खरी चौकशी वेगळीच असायची. महिन्यातून एकदा तरी विचारायची, "तुझा गुडघेवाला काय म्हणतोय? वाकतो का पूर्ण?" मी व्हिडिओ दाखवायचो, वॅन डाइक जिममध्ये, वॅन डाइक गवतावर हळूहळू पळताना. ती चष्मा वर करून नुसता गुडघा बघायची. तोंड बघितलंच नाही कधी. "जिन्याचं काय?" हा तिचा दुसरा प्रश्न. तिला जिना शिकवला होता तो असा: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा. आमच्या घराला अठरा पायऱ्या आहेत. त्या ती मार्चमध्ये आधाराने उतरली, मे महिन्यात एकटी.

21 ऑगस्ट 2021. पुन्हा शनिवार, पुन्हा संध्याकाळचे पाच, पुन्हा बर्नली. या वेळी अ‍ॅनफिल्ड गच्च भरलेलं. वॅन डाइक आधीच्या आठवड्यात नॉर्विचला खेळला होता, पण दुखापतीनंतर घरच्या मैदानावरचा हा त्याचा पहिला लीग सामना. त्या संध्याकाळी आमची यादी लहान होती. फोनवर बोलायला काही नव्हतं म्हटलं तरी चालेल. चुलतभाऊ उगाच हवेबद्दल बोलत राहिला.

अ‍ॅनफिल्डवर खेळाडू मैदानात येताना काही पायऱ्या उतरून येतात. मी आईला हाक मारली. ती स्वयंपाकघरातून हात पुसत आली, वॉकर नाही, काठी नाही, आणि टीव्हीच्या अगदी पुढ्यात उभी राहिली.

"सरक की गं, मला दिसत नाही."

"थांब," ती म्हणाली. "कुठला पाय आधी टाकतो ते बघू दे."