शॉब्डनच्या उघड्या कमानी

इंग्लंडमधल्या हेरफर्डशर परगण्यात जुन्या दगडी कोरीवकामाचं त्रिमितीय मोजमाप करायचं काम आमच्याकडे होतं. सकाळी किल्पेक, दुपारी शॉब्डन. दोन्हीकडचं काम बाराव्या शतकातलं आणि अभ्यासकांच्या मते एकाच कारागीर परंपरेतलं. दगडाचं आयुष्य कशावर ठरतं, हे मी त्या दिवसाइतकं उघडपणे कधीच पाहिलं नव्हतं.

किल्पेक हे वेल्सच्या सीमेजवळचं खेडं. नॉर्मन गढीचा मातीचा उंचवटा, शेजारी सेंट मेरी आणि सेंट डेव्हिड यांचं चर्च, भोवती कुरणं. इमारत साधारण ११४० ची आणि अगदी लहान: लोकांनी बसायचा लांबट भाग, पुढे वेदीकडचा चौकोन, शेवटी अर्धगोल. पण दक्षिणेच्या दाराशी उभं राहिल्यावर आकाराचा विसर पडतो. कमानीखालच्या अर्धवर्तुळात जीवनवृक्ष, बाहेरच्या खांबांवर शेपट्या गिळणारे साप, डावीकडे वेलींत गुंतलेले दोन योद्धे. त्यांच्या विजारींवरच्या चुण्यासुद्धा मोजता येतात.

छपराच्या वळचणीखाली भिंतीतून पुढे आलेले दगडी टेकू आहेत, त्यांना कॉर्बेल म्हणतात. आज त्यांतले ८५ शिल्लक आहेत. एकावर कुत्रा नि ससा शेजारी शेजारी, एकावर वाद्य वाजवणारा माणूस. अर्धगोल भिंतीवर दोन्ही हातांनी योनी फाकवून दाखवणारी शीला-ना-गिग आहे. ती कॅमेऱ्यात आली तेव्हा तेर आणि भोकरदनच्या लज्जागौरी मला आठवल्याच. तरी लगेच नातं जोडणं मला पटत नाही. लज्जागौरी पूजेतली देवी. ही टेकूंच्या रांगेतली एक आकृती आणि तिच्या अर्थाबद्दल अजून एकमत नाही.

हा तांबूस वाळूचा दगड आपल्या काळ्या कातळासारखा कणखर नाही. तो पाणी पितो, थंडीत ते पाणी गोठून फुगतं आणि वरचे पापुद्रे सुटतात. तरी किल्पेकचं कोरीवकाम जवळपास नऊशे वर्षं टिकलं. चर्च वापरात राहिलं, छप्पर राखलं गेलं, वळचणीने पाऊस अडवला. जुनं गाव ओसरत गेलं. इथे मोठं नवं चर्च बांधण्याइतका पैसा कधी आलाच नसावा, आणि माझ्या मते त्या गरिबीनेही हे चर्च वाचवलं.

शॉब्डनकडे पैसा होता. तिथलं मूळ चर्च ऑलिव्हर द मेरलिमाँड या कारभाऱ्याने बांधवलं. तो स्पेनमध्ये सँतियागोच्या यात्रेला जाऊन आला होता. किल्पेकच्या आतल्या कमानीला एकावर एक उभे प्रेषित कोरले आहेत, त्यांचं मूळ अनेकजण त्याच वाटेवरच्या शिल्पांत शोधतात. अठराव्या शतकाच्या मध्यावर जमीनदार घराण्याने हे चर्च पाडून नवीन आवडीचं चर्च उभारलं. जुन्या कमानी आणि दारं मात्र टेकडीवर नेऊन शोभेसाठी उघड्यावर मांडली.

तिथे पोचलो तेव्हा भुरभुर पाऊस थांबला होता आणि दगड ओलाच होता. सिंहासनावरच्या ख्रिस्ताला चेहरा उरलेला नाही. खांबांवरच्या वेली नुसत्या उंचवट्यांसारख्या दिसतात. सकाळचे योद्धे डोळ्यांसमोर होते म्हणून मला ते पाहणं फार जड गेलं. हे कुणी फोडलं नव्हतं. सुंदर दिसावं म्हणूनच ते इथे आणलं होतं.

जॉर्ज लुईस या चित्रकाराने १८४२ मध्ये किल्पेकची आणि १८५२ मध्ये शॉब्डनची रेखाटनं प्रसिद्ध केली. शॉब्डनची पानं टॅबलेटवर उघडून मी खांबापुढे उभी राहिले. ठरल्याप्रमाणे तिथे थोडेच फोटो घ्यायचे होते. मी सहकाऱ्याला म्हटलं, इथेच जास्त घ्यायला हवेत. किल्पेकला पुढच्या वर्षीही येता येईल, इथली झीज तोवर थांबणार नाही. त्याने मान डोलावली. अंधार पडायला लागल्यावर आम्ही दिवा दगडाला जवळजवळ टेकवून बाजूने प्रकाश टाकला. दिवसा सपाट वाटणाऱ्या खांबावर बारीक समांतर रेघा उठल्या: किल्पेकच्या योद्ध्यांच्या कपड्यांवर आहेत तशाच. मग प्रत्येक खांब चारही बाजूंनी, प्रकाशाची दिशा बदलत, पुन्हा टिपला. त्या संध्याकाळची मोजमापं आता किल्पेकच्या मोजमापांशेजारी ठेवून रेघांमधली अंतरं जुळवण्याचं काम चालू आहे.