अजून अर्धा आटा

नळ ठिबकायला लागला की घरातला प्रत्येक जण एकच उपाय करतो: आणखी जोरात आवळतो. तेवढ्यापुरतं ठिबकणं थांबतं. चार दिवसांनी पुन्हा सुरू, पुन्हा जोर. शेवटी तो नळ घरात एकालाच बंद करता येतो आणि नेमका तो कामावर गेलेला असतो.

आत असतो रबराचा एक वायसर, रुपयाच्या नाण्यापेक्षाही लहान. तो पितळेच्या बैठकीवर दाबून बसला की पाणी थांबतं. जास्त आवळलं की बैठकीची कड रबरात रुतते, तिथे गोल चर पडतो आणि त्या चरातूनच पाणी वाट काढतं. म्हणजे आपण गळती बंद करत नसतो, तिच्यासाठी रस्ता खोदत असतो.

वायसर बदलणं अवघड नाही, पण क्रम पाळावा लागतो. गच्चीवरचा कॉक, म्हणजे आपल्या लाइनचं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह, बंद करायचा, नळ उघडून लाइनमधलं पाणी जाऊ द्यायचं आणि नळ तसाच उघडा ठेवून वरचं हेड पान्याने सोडवायचं. मिटलेल्या नळाचं हेड फिरवलं तर स्पिंडल, म्हणजे मुठीबरोबर फिरणारा आतला दांडा, खाली बैठकीवर रेटला जातो आणि मग काहीतरी तुटतं. जुना वायसर काढला की बैठकीवरून बोट फिरवून बघायचं. गुळगुळीत लागली तर नवा वायसर टिकेल. खाच लागली तर ती नवा वायसरही लवकरच खाऊन टाकेल. अशा वेळी बैठक घासून घ्यावी किंवा सरळ नळ बदलावा. नळ बंद असताना तोटीतून ठिबकत असेल तर दोष वायसरचा किंवा बैठकीचा. चालू असताना मुठीखालून पाणी येत असेल तर ग्लँडचा, म्हणजे स्पिंडलभोवतीच्या पॅकिंगचा. या दुसऱ्या दुखण्यात वायसर कितीही बदला, मूठ ओलीच राहते.

हल्लीच्या पाव फेऱ्याच्या नळात वायसर नसून सिरॅमिकच्या दोन चकत्या एकमेकींवर सरकतात. वाळूचा एक कण मध्ये अडकला की चकतीवर ओरखडा उठतो आणि मग चकत्यांसकट अख्खा स्पिंडलच बदलावा लागतो. दुकानात जाताना जुना स्पिंडल खिशात हवाच. ‘अर्ध्या इंचाच्या नळाचा द्या’ एवढ्यावर भागत नाही. प्रत्येक कंपनीची उंची वेगळी, मुठीत बसणारे दाते वेगळे.

हाताची खरी परीक्षा भिंतीत नळ बसवताना होते. नळाच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळायची ती आटे आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, थोडी ताणून. उलटी गुंडाळली तर नळ फिरवताना ती सुटत जाते आणि बाहेर गोळा होते. पातळ टेपचे दहा-बारा वेढे साधारण पुरतात. नळ हाताने जाईल तेवढा जाऊ द्यायचा, मग पाना. पण नळ नुसता घट्ट बसून चालत नाही, त्याचं तोंड खालीही यायला हवं. घट्ट झाला आणि तोंड अजून बाजूला आहे, म्हणून ‘अजून अर्धा आटा’ म्हणत जोर लावला की घात होतो. समोर पितळी आट्यांचा पण प्लॅस्टिकच्या अंगाचा सीपीव्हीसी एल्बो, म्हणजे पाइपचा कोपरा, असतो. तो भिंतीच्या आत चिरतो, बाहेर काही दिसत नाही. पंधरा दिवसांनी टाइलच्या सांध्यातून ओल येते आणि मग छिन्नी. बरं, तोंड पुढे गेलं म्हणून नळ मागे फिरवला तर टेपची पकड सुटते. अशा वेळी सगळं काढायचं, जुनी टेप खरवडायची आणि दोन वेढे कमी-जास्त करून पुन्हा बसवायचं. कंटाळवाणं आहे, पण मागे फिरवलेला नळ गळतोच. एल्बो टाइलच्या फार आत गेला असेल तर एक्स्टेन्शन निपल, म्हणजे लांबी वाढवणारा आट्यांचा तुकडा, लावावा; दोन आट्यांवर लटकलेला नळ बादलीच्या धक्क्याने निघून येतो.

बेसिनखालच्या कनेक्शन पाइपला मात्र टेप लावूच नये. त्याच्या नटात रबरी वायसर असतो, तोच पाणी अडवतो. हाताने घट्ट करून पान्याने पाव फेरा, बस्स.

पुण्यात दुरुस्तीसाठी बहुतेकदा गुरुवारी पाणी बंद असतं आणि शुक्रवारी सकाळी ‘उशिरा व कमी दाबाने’ येतं. रिकाम्या लाइनमधून आधी हवा येते, मग गढूळ पाणी. नळ फुरफुरतात, धार बारीक होते, लोक घाबरतात. निम्म्या वेळा नळाच्या तोंडाची जाळी काढून धुतली की काम होतं. बोअरच्या पाण्याचा पांढरा क्षार बसला असेल तर ती रात्रभर व्हिनेगरमध्ये टाकावी.

वरच्या मजल्यावरच्या शॉवरचं दुखणं निराळं. टाकीतल्या पाण्याची पातळी शॉवरपेक्षा जितकी उंच, तितकाच दाब. १० मीटरला साधारण १ बार. गच्चीच्या खालच्याच घरात जेमतेम ३ मीटर मिळतात. तिथे ताटाएवढा महागडा शॉवर लावून पाऊस पडत नाही, त्याला पंप लागतो.

गिझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब पडतात म्हणून काही जण त्याला बूच मारतात. असं कधीही करू नये. पाणी तापलं की फुगतं, मागे जायची वाट नॉन-रिटर्न व्हॉल्व्हने अडवलेली असते, आणि तो थेंब म्हणजेच वाढलेला दाब बाहेर पडण्याची जागा.

आता खालच्यांच्या छतावरची ओल, म्हणजे सोसायटीतलं कायमचं भांडण. फोडाफोडीआधी निरीक्षण करावं. ओल अहोरात्र सारखी असेल तर संशय दाबाच्या लाइनवर, म्हणजे नळांना पाणी आणणाऱ्या पाइपवर. कॉक एक दिवस बंद ठेवला आणि ठिबकणं मंदावलं तर खात्रीच. आंघोळीनंतरच वाढत असेल तर नहाणी ट्रॅप, म्हणजे जमिनीतली सांडपाण्याची जाळी आणि तिच्याखालचं भांडं, किंवा टाइलखालचं वॉटरप्रूफिंग. ट्रॅपला बूच लावून बाथरूममध्ये इंचभर पाणी २४ तास साठवून बघावं. हे न करता ‘वरच्यांचंच गळतंय’ म्हणून टाइल्स उखडणारे महाभाग आहेत, आणि निम्मा खर्च दुसऱ्याने द्यावा असं म्हणणारेही तेच.

या सगळ्याला गच्चीवरचा आपला कॉक कुठला हे माहीत असावं लागतं. तिथे दहा सारख्याच पाइपांना दहा सारखेच कॉक असतात. एकदा दिवसाउजेडी एकेक बंद करून आपला शोधावा, त्यावर ऑइल पेंटने फ्लॅट नंबर घालावा आणि दर सहा महिन्यांनी तो पुढे-मागे फिरवावा. वर्षानुवर्षं न हललेला गेट व्हॉल्व्ह, म्हणजे चाकाचा कॉक, ऐन वेळी एक तर जाम असतो, नाहीतर त्याचं चाक नुसतंच गरागरा फिरतं आणि पाणी चालूच राहतं. असा सापडला तर गेट व्हॉल्व्ह काढून दांड्याचा बॉल व्हॉल्व्ह बसवून घ्या. दांडा पाइपला आडवा म्हणजे बंद, हे शेजाऱ्यालाही फोनवर सांगता येतं.