कंसातले सहा, आलेखावरचे तीन

बडोद्यातल्या मराठी घरात गणिताला तीन भाषा असतात. आजोबा ‘फल’ म्हणायचे, गुजराती माध्यमातल्या मैत्रिणीच्या पुस्तकात ‘विधेय’ होतं आणि माझ्या अकरावीच्या वर्गात ‘फंक्शन’. मी अडले ती मात्र एकाच जागी, आलेख सरकवायचा आणि आकसायचा तिथे.

कंसाबाहेरचं मला कधी जड गेलं नाही. एफ(एक्स) म्हणजे एक्सच्या जागी आलेखाची उंची. एफ(एक्स) + ३ म्हणजे आलेख ३ घरं वर, २ एफ(एक्स) म्हणजे प्रत्येक उंची दुप्पट. जे लिहिलंय तेच घडतं. कंसाच्या आत सगळं उलटं. एफ(एक्स − ३) मध्ये वजा दिसतं आणि आलेख जातो उजवीकडे! वर्गात ‘आत उलटं असतं, लक्षात ठेवा’ एवढंच सांगितलं. पाठ केलं, पण पटलं नव्हतं.

पटलं ते बाबांच्या गाडीमुळे. बाबा रोज मेमू लोकलने अंकलेश्वरला अप-डाऊन करतात. एकदा गाडी १० मिनिटं उशिरा सुटली, तेव्हा फोनवर आईला म्हणाले, “घड्याळातून दहा वजा कर आणि वेळापत्रक बघ, तिथे असेन मी.” अगं, हेच तर एफ(टी − १०)! आत्ताच्या वेळेतून १० वजा करून जुनंच वेळापत्रक वाचायचं. गाडी मात्र प्रत्येक स्टेशनला १० मिनिटं नंतर पोचते, म्हणून तिचा आलेख उजवीकडे. वजाबाकी घड्याळाची होते, गाडीची नाही.

खरी परीक्षा पुढेच होती. चाचणीत उपड्या घमेल्यासारखा आलेख दिला होता. (०, ०) पासून (२, ४) पर्यंत चढ, (४, ४) पर्यंत सपाट, मग (६, ०) पर्यंत उतार. त्यावरून एफ(२ एक्स − ६) काढायचा होता. आत उलटं, म्हणून २ मुळे मी आधी रुंदी निम्मी केली, ० ते ३. मग ६ घरं उजवीकडे नेलं. घमेलं ६ ते ९ मध्ये जाऊन बसलं. पाचपैकी एक गुण मिळाला, कारण बरोबर जागा ३ ते ६ होती. त्या दिवशी मला खूप वाईट वाटलं, कारण दोन्ही पायऱ्या मला येत होत्या.

रात्री आत्याकडून ट्रेसिंग पेपर मागून घेतला. आत्या दांडिया बाजारातल्या घरी साड्यांवर भरतकाम करते, नक्षी उतरवायला तो तिच्याकडे असतोच. घमेलं त्यावर उतरवून सरकवून पाहिलं. सरकवणं सोपं. आकसणं मात्र कागदाला जमत नाही, तिथे एकेक बिंदू हलवावा लागतो: उंची तीच ठेवायची, वाय-अक्षापासूनचं अंतर निम्मं करायचं. असे चार-पाच बिंदू हातानं हलवल्यावर माझ्या लक्षात आलं, की आकृतीबरोबर ती अक्षापासून जेवढी लांब उभी आहे ते अंतरही आकसतं. आधी ६ सरकवलं तर घमेलं ६ ते १२ वर येतं, निम्मं केलं की ३ ते ६. आधी आकसायचं असेल, तर कंस २(एक्स − ३) असा लिहून ३ च सरकवायचं. मी काढला होता तो एफ(२ एक्स − १२) चा आलेख.

आता मी क्रम आठवत बसत नाही. जुन्या आलेखाचं टोक ० ला आहे ना? मग २ एक्स − ६ = ०, एक्स = ३. दुसरं टोक ६ ला, मग २ एक्स − ६ = ६, एक्स = ६. दोन टोकं मिळाली की मधलं आपोआप बसतं. सराव मात्र मोड एक्सच्या (एक्सची चिन्ह काढलेली किंमत) ‘व्ही’सारख्या आलेखावर करू नका. त्याची रुंदी निम्मी केली काय आणि उंची दुप्पट केली काय, चित्र तेच येतं आणि चूक कळतच नाही.

वार्षिक परीक्षेत साइन(२ एक्स − पाय/३) आला. कंस शून्य होतो पाय/६ ला, साइनची २ पाय लांबीची लाट निम्मी म्हणजे पायएवढी लांब, ती संपते ७ पाय/६ ला. समासात दोन्ही टोकांचा ताळा लिहिला, मग लाट काढली.